भावाच्या गाडीचं पुढचं चाक

टायर आणायला गेलो आणि दुकानदाराशी भांडून रिकाम्या हातानं परत आलो, हे घरी कळलं तेव्हा बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "मग यात नवीन काय?" मुलगी माझ्याबरोबर दुकानात होती, तिनं सगळं बघितलं होतं. चपला काढून ती सरळ आत गेली आणि तिचा कामावरचा डबा धुवायला बसली.

डबा म्हणजे जेवणाचा नव्हे. मुलगी शहरातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि वेळेत लॅबमध्ये पोचवायच्या. मुलाखतीत तिला पहिला प्रश्न मार्कांचा विचारला नव्हता. गाडी आहे का, हा विचारला होता. माझी मोटरसायकल होती म्हणून तिला ते काम मिळालं. मी गावातल्याच शाळेत गणित शिकवतो, शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे गाडी तिच्या हातात गेली. मी ती मोठ्या मनानं दिली असं नाही. महिनाभर रोज संध्याकाळी गाडीभोवती फिरून ओरखडे मोजत होतो. एखादा नवा दिसला की घर डोक्यावर घेत होतो.

आमचं गाव भाट्याच्या पुलापलीकडे. सुरूचं बन संपलं की चढ लागतो, तो चढून वर कातळावर. सकाळी साडेसहाला ती तो चढ उतरून जायची. श्रावण चालू होता. आता ऊन, आता सर, असा खेळ दिवसभर. या दिवसांत सरळ पावसापेक्षा असा अर्धामुर्धा ओला रस्ता जास्त वाईट असतो. आमच्याकडे त्यावर कडेची तांबडी माती वाहून येते आणि साय धरल्यासारखी बसते. शहरात मिरकरवाड्याच्या बाजूला तर वेगळीच तऱ्हा. ट्रॉलर पुन्हा समुद्रात जायला लागले होते आणि मासळीचे टेम्पो वितळलेल्या बर्फाचं पाणी गाळत चढ चढत होते. ते पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात मासळीचं तेल असतं. पायी चालणारासुद्धा तिथं जपून पाय टाकतो.

"बाबा, पुढचा टायर गेलाय," असं ती मला जूनपासून सांगत होती. मी "बघू" म्हणत होतो. शेवटी एका शनिवारी दुपारी दोघं गेलो.

दुकान मारुती मंदिरच्या पुढं. दुकानदार माझ्याच वयाचा, पन्नाशीतला, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, दोन्ही चाकं फिरवून बघितली आणि म्हणाला, "सर, मागचा झिजलाय. पुढच्याचा तर गोटा झालाय. दोन्ही बदला." मी मास्तर आहे हे लोकांना माझ्या बोलण्यावरूनच कळतं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण दुकानदारानं 'दोन्ही' हा शब्द उच्चारला की माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागतो.

मी म्हटलं, "पुढच्याला कडेनं नक्षी आहे की अजून."

"कडेची नक्षी नाय बघायची. रस्त्याला टेकतो तो मधला पट्टा."

मग त्यानं तीन-चार टायर काढून दाखवले. पुढच्या चाकाला सरळ रेघांचा घ्या, तो पाणी बाजूला करतो. मागं जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा, तो चढाला पकडतो. एक चकचकीत, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा टायर मी हातात घेतला, कारण तो स्वस्त होता. त्यानं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. "हा दगडासारखा टिकतो आणि दगडासारखाच घसरतो. आमच्याकडं हाय, पन तुम्हाला देनार नाय." नंतर विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

मुलीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

तो तिच्याकडे वळला. कुठल्या रस्त्यानं जातेस, मागं कुणी बसतं का, मिरकरवाड्याला जावं लागतं का, ब्रेक पुढचा जास्त दाबतेस की मागचा. तीही भराभर सांगायला लागली. पुढचं चाक ओल्यात कसं हलतं, पांढऱ्या पट्ट्यावरून जाताना काय होतं, सगळं. मला तिनं यातलं अर्धंसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. "टायर मी घेतोय. काय ते मला सांगा."

"पैसे तुमचे हायत सर," तो शांतपणे म्हणाला, "पन त्या टायरावर जीव तिचा हाय."

बस. माझं टाळकं सरकलं. "माझ्या पोरीच्या जिवाची काळजी तू मला शिकवणार?" माझा आवाज शाळेत चार वर्ग पलीकडे जातो. समोरच्या चहावाल्याकडची माणसं वळून बघायला लागली. दुकानदार टायर एकेक करून परत आकड्याला लावायला लागला. मुलीनं गाडी स्टँडवरून खाली घेतली.

घरी येताना मी मागं बसून पुलापर्यंत बडबडत होतो आणि पुलावर मला ती कल्पना सुचली. आज लिहितानाही तिची लाज वाटते, पण तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

माझा धाकटा भाऊ मुंबईला असतो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घेतल्या. माझी काळी, त्याची लाल. माझी पार खिळखिळी झाली. त्याची आमच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असते. तो गणपतीत येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात जमलं तर आंब्याला. तेवढे दिवस ती चालते. बाकी वर्षभर तिची राखण माझ्याकडे. दर रविवारी ताडपत्री काढायची, गाडी पाच मिनिटं चालू करायची, पुन्हा झाकायची. रविवारी दुपारी भावाचा फोन येतोच, "गाडीला जाग आणलीस काय?" आमच्या वाडीत असे पाच-सहा जण आहेत. मुंबईकरांचं घर उघडायचं, विहिरीतला पाला काढायचा, गाड्या चालू करायच्या. इथं राहिलेल्यांचं ते कामच होऊन बसलंय. आणि वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या त्या वस्तू बघून आमची एक खात्री झालेली असते, की मुंबईकराची वस्तू नवी असते. फ्रिजवरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं, मिक्सर खोक्यात असतो. वापरली नाही म्हणजे झिजली नाही. झिजली नाही म्हणजे नवी.

भावाच्या गाडीचे टायर मी दर रविवारी बघत होतो. काळेभोर, नक्षी जशीच्या तशी, कडेला ते रबराचे बारीक केससुद्धा शिल्लक. आणि मी दुकानात जाऊन टायरसाठी भांडत होतो!

रविवारी सकाळी दोन पाने आणि एक हातोडी घेऊन बसलो. दोन्ही गाड्यांची पुढची चाकं सारखीच. ब्रेकची तार सोडवली, मीटरची सोडवली, आस काढली, त्याचं चाक माझ्या गाडीला, माझं त्याच्या गाडीला. मागचं चाक बदलायला चेनची भानगड, ते माझ्या दोन पान्यांतलं काम नव्हतं. तो टायर विकत घ्यायचा ठरवला. दीड तासात पुढचं काम झालं. गणपतीला भाऊ येण्याआधी चाकं पुन्हा फिरवून घ्यायची, त्याला पत्ताही लागणार नाही. त्या दिवशी फोनवर "जाग आणली" असं सांगताना मला हसू येत होतं.

मुलीला हाक मारली. "बघ. फुकटात नवा टायर."

ती वाकली. अंगठ्याचं नख टायरमध्ये रुतवून बघितलं. उभी राहिली. "बाबा, हा..." ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. हातात हातोडी, अंगठ्याला लागलेलं, घामानं शर्ट चिकटलेला, आणि मी शाबासकीची वाट बघत उभा.

"काय हा?"

"काही नाही. छान आहे."

सोमवारपासून ती सहालाच बाहेर पडायला लागली, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. यायचीही उशिरा. मी बुधवारी जेवताना म्हटलं, "बघ, चांगला टायर मिळाला की कामाचा हुरूप कसा वाढतो." बायकोनं आमटीची वाटी माझ्यापुढे जरा जोरात ठेवली. पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलेली मुलगी डाव्या हातानं पाणी प्यायली. दोन्ही गोष्टी मी बघितल्या आणि सोडून दिल्या.

पुढचा शनिवार. शाळा सकाळची, साडेअकराला सुटलो आणि बसनं शहरात गेलो. आधी दोन दुसऱ्या दुकानांत विचारलं. एकाकडे आमच्या मापाचा नव्हता. दुसऱ्याकडे तोच चकचकीत, स्वस्त टायर होता. तो बघितल्यावर का कोण जाणे, घ्यावासा वाटला नाही. शेवटी नाक मुठीत धरून त्याच दुकानासमोर उभा राहिलो. मुलीचं काम एकपर्यंत संपतं, गाडी घेऊन इकडेच ये, असं तिला सकाळी सांगून ठेवलं होतं.

दुकानदारानं मागचं काही काढलं नाही. खुर्ची दिली. मी म्हटलं, मागचा एकच हवा. त्यानं विचारलं, "आनि पुढचा?"

"पुढचा आहे चांगला. घातला."

"कुठला?"

"आहे. भावाची गाडी घरी उभी असते, तिचा काढला. चाललेलीच नाही गाडी."

तो हातातलं काम ठेवून उठला. मग दुकानाच्या मागं गेला आणि एक टायर घेऊन आला. बघायला एकदम नवा. नक्षी पूर्ण, केस शिल्लक. "नख लावा," म्हणाला. मी लावलं. नख वाकलं, टायर जागचा हलला नाही. मग त्यानं एक खरा नवा टायर पुढं केला. त्यात नख रुतलं. मग जुना टायर दोन्ही हातांनी पिळला. नक्षीच्या खाचांमध्ये बारीक बारीक चिरा उघडल्या, वाळलेल्या तळ्यात पडतात तशा.

"गनपतीत असे लय येतात," तो म्हणाला. "वरसभर उभी गाडी. रबर आतून सुकतो, लाकूड होतो. बघायला नवा, म्हनून मानूस बिनधास्त. तिघं तिघं बसतात. मग पैल्याच ओल्या वळनाला..." त्यानं हात आडवा केला. टायरच्या कडेला चार आकडे होते, ते दाखवले. "पैले दोन आठवडा, मागचे दोन साल. किती वर्साची गाडी भावाची?"

गणिताचा मास्तर मी. अकरा वर्षं दर रविवारी ते चाक बघत होतो आणि हा हिशेब कधी केला नव्हता. डोळ्यांसमोर फक्त रविवारची सकाळ होती आणि तिचं नख.

घड्याळ बघितलं. सव्वा वाजून गेला होता. तिला फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही हा नियम माझाच. तोंडात शिव्या आल्या, त्या नियमाला. लॅबमध्ये लावला. तिथली बाई म्हणाली, "बाराला मिरकरवाड्यात गेलीय, एका आजीबाईंचं सॅम्पल आहे. अजून आलेली नाही. तुमच्याकडे आली तर लवकर पाठवा, सॅम्पल खराब होईल." मिरकरवाड्याहून लॅबला यायला किती लागतात? दहा मिनिटं, फार तर पंधरा. बाहेर सर आली. पाच मिनिटं धो धो पडली आणि थांबली. वर ऊन, खाली रस्ता चकाकत होता.

पुन्हा फोन. पुन्हा वाजून बंद.

दुकानदार म्हणाला, "सर, रिक्षा करा. जावा." मी धावलो. तो मागून काहीतरी ओरडला, ऐकू आलं नाही.

रिक्षात बसल्यावर जयस्तंभापर्यंत मी रिक्षावाल्याला तीन वेळा "जोरात घे" म्हटलं आणि चौथ्यांदा "हळू घे, रस्ता ओला आहे." त्यानं आरशातून बघितलं. मी रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होतो. कुठं माणसं गोळा झालेली दिसतायत का. एका ठिकाणी होती. रिक्षा थांबायच्या आत उतरलो. केळी विकणारा होता. परत बसलो. हात मांड्यांखाली दाबून धरले. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. भांडण मी केलं होतं. तिनं नाही. तिनं त्या दिवशी टायर घेतले असते. दोन्ही, दुकानदार सांगत होता तेच.

मग वासानं कळलं की मिरकरवाडा जवळ आला, आणि तेवढ्यात ती दिसली.

चढावर, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, पहिल्या गिअरमध्ये. दोन्ही पाय पायरीवरून खाली सोडलेले, बुटांचे तळवे रस्त्याला घासत. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, मान ताठ, नजर पुढच्या चार हातांवर. मागं मासळीचा टेम्पो हॉर्न मारत होता, त्याच्या मागं आणखी चार गाड्या. एक रिक्षावाला बाजूनं जाताना काहीतरी खेकसला. तिनं मान वळवली नाही. लहान मूल पहिल्यांदा पाण्यात उतरतं तशी ती गाडी चालवत होती. आणि तिच्याकडे बघूनच कळत होतं की ही तऱ्हा आजची नाही.

मी रिक्षातून उतरून हात केला. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. इतका वेळ टेम्पो, ओला रस्ता, मासळीचं पाणी यांना ती घाबरत होती ते दिसत होतं. पण मला बघून जी भीती आली ती वेगळी होती. तिनं ब्रेक दाबला, पुढचं चाक वीतभर सरकलं, तिनं पाय घट्ट रोवून ते सावरलं. आणि मी जवळ पोचायच्या आतच बोलायला लागली.

"बाबा, मी हळूच चालवते. खरंच. रोज हळूच चालवते. फोन वाजत होता, पण चढावर कसा घेणार..."

मी तिचा हात धरला. ती कळवळली. रेनकोटाची बाही वर केली तर मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. घरच्या कापसाची, घरच्या कापडाची. मला ते कापड ओळखू आलं, बायकोच्या जुन्या साडीचं होतं.

"कधी?"

"सोमवारी. आपल्या चढावर, उतरताना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती रस्त्याकडे बघत होती. टेम्पोवाला आमच्या बाजूनं शिव्या घालत निघून गेला. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुला गाडी चालवता येत नाही. गाडी काढून घेतली असती. मग काम गेलं असतं." थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही एवढं घाम गाळून चाक बसवलंत. ते वाईट आहे असं तुम्हाला कोण सांगणार?"

मी म्हटलं, "उतर."

तिनं हँडल सोडलं नाही. उलट आणखी घट्ट धरलं. "बाबा, गाडी नका काढून घेऊ. मी पडणार नाही परत."

बावीस वर्षांची मुलगी. लोकांच्या हातात सुई घालताना हिचा हात हलत नाही असं लॅबवाले कौतुकानं सांगतात. भर रस्त्यात ती माझ्यापुढे गयावया करत होती, गाडीसाठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय म्हणालो ते नीट आठवत नाही. आवाज खाली ठेवायचा एवढंच मी करत होतो आणि ते मला फार जड जात होतं, कारण रागाशिवाय कसं बोलायचं याची मला सवयच नव्हती. "रिक्षात बस," म्हटलं. "डबा घेऊन लॅबमध्ये जा, सॅम्पल खराब होईल. मग टायरच्या दुकानात ये. गाडी मी आणतो. तुझीच आहे."

तिला खरं वाटेना. रिक्षात बसल्यावरही ती मागच्या पडद्याच्या फटीतून बघत होती.

मग मी गाडीवर बसलो. गेली अकरा वर्षं मी ती चालवलेली, डोळे मिटून चालवीन असं म्हणणारा. चढ संपताना एक गतिरोधक आहे, त्यावर पांढरे पट्टे. मी नेहमीच्या सवयीनं त्यावर ब्रेक दाबला. हँडल हातातून निघूनच गेलं. क्षणभरच, आणि पुन्हा आलं. मी दोन्ही पाय खाली सोडले. पहिला गिअर टाकला. डाव्या कडेला आलो. मागं हॉर्न वाजायला लागले. एक कॉलेजचा पोरगा "काका, ढकलत न्या," म्हणून गेला. मारुती मंदिरपर्यंत मी तसाच आलो, बुटांचे तळवे घासत. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला एक हात सोडायची माझी हिंमत नव्हती. हे तिनं सहा दिवस केलं होतं. जाता-येता, त्या उतारावरून, पट्टी बांधलेल्या हातानं. मला कळू नये म्हणून.

दुकानदारानं मला येताना बघितलं. चाकाकडे बघितलं, पायांकडे बघितलं. "पोरगी?" एवढंच विचारलं.

"बरी आहे. येतेय."

त्यानं पाण्याची बाटली आणून दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

ती आल्यावर त्यानं टायर पुन्हा आकड्यावरून काढले आणि सवयीनं माझ्यापुढे धरले. मी म्हटलं, "तिला विचारा." तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी खाली मान घालून बाकावर बसून राहिलो. ती दोघं पाऊण तास बोलत होती. तिनं प्रत्येक टायरचे ते चार आकडे वाचले, नख लावून बघितलं, पुढं सरळ रेघांचा, मागं ठोकळ्यांचा घेतला, ट्यूबही दोन्ही नव्या घ्यायला लावल्या. मी मध्ये एकदा तोंड उघडलं होतं, पण पुन्हा मिटलं. माझं गुळगुळीत चाक लागलेल्या भावाच्या गाडीलाही पुढचा एक घेतला. तो टायर मात्र मी निवडला नाही, दुकानदारालाच निवडायला सांगितला.

भावाच्या चाकातून निघालेला टायर दुकानदारानं चाकूनं दोन ठिकाणी कापला. "नायतर कोनतरी नवा म्हनून उचलून नेतो," म्हणाला. आणि मुलीला सांगितलं, "नव्यावर सुरवातीला मेनासारखा थर असतो. दोन-चार दिवस जपून. वळनाला झोपवू नको."

घरी येताना मी मागं बसलो होतो. तिनं दोन्ही पाय पायरीवर ठेवले होते. पुलावरून वारा येत होता. सुरूचं बन संपलं, चढ लागला. वरून तिसऱ्या वळणावर तिनं गाडी हळू केली आणि डावीकडच्या गटाराकडे मान करून म्हणाली, "इथे." मी काही विचारलं नव्हतं. गटाराच्या काठाला जांभ्याच्या दगडावर गाडीच्या काळ्या रंगाचा ओरखडा होता. मागच्या शनिवारी माझ्या हुशारीच्या नादात मी तो दगड बघितलाही नसेन. ओरखडा तेव्हा तिथं नव्हता.

"आईनं पट्टी बांधली?" मी विचारलं.

"हो. पडल्यावर परत घरी आले होते. तुम्ही पूजेला बसला होतात. मागच्या दारानं आले, मागच्या दारानं गेले."

मी देवापुढे बसलो होतो आणि दहा पावलांवर माझ्या बायकोनं लेकीचा हात धुऊन, साडी फाडून पट्टी बांधली होती. लेकीनं तोंडातून आवाज काढला नव्हता. दोघींनी मिळून माझ्यापासून रक्त लपवलं होतं. मी चिडावं असं यात काहीच नव्हतं, आणि पहिल्यांदाच मी चिडलोही नव्हतो. फक्त गाडीच्या मागच्या सीटवर मला नीट बसवेना.

अंगणात गाडी उभी राहिली. बायको ओट्यावर आली. नवे टायर, मुलीची वर केलेली बाही, उघडी पडलेली पट्टी, हे सगळं तिनं एका नजरेत बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग मुलीला जवळ घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "ओरडले काय गो?"

"नाही."

बायकोला ते खरं वाटलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, "अजिबात?"